'वय झालं' म्हणण्याआधी : सोलापुरातल्या फॅमिली डॉक्टरांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरात आणि हद्दवाढ भागात दवाखाना चालवणारे सर्व फॅमिली डॉक्टर

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मोठ्या हॉस्पिटलातल्या मेंदूतज्ज्ञांना लिहिता आलं असतं, महापालिकेलाही लिहिता आलं असतं. तुम्हाला लिहिते आहे, कारण घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं की लोक त्याला आधी तुमच्याकडेच आणतात. अशोक चौक घ्या, साखर पेठ घ्या, नीलमनगर, विडी घरकुल, जुळे सोलापूर, कुठलाही भाग घ्या. तज्ज्ञाकडे जायचं की नाही, हे तुमच्या शब्दावर ठरतं. आणि तो शब्द फार वेळा असा असतो : "आता वय झालं, एवढं चालायचंच."

माझी विनंती एवढीच आहे की हे वाक्य तपासणीच्या आधी बोलू नका. तुम्ही ते दिलासा म्हणून बोलता हे मला माहीत आहे. घरचे मात्र ते निकाल म्हणून ऐकतात आणि त्यानंतर वर्ष-दोन वर्षं कुठंच जात नाहीत.

पूर्व भागात आमचं मेडिकल आहे. नवरा आणि मी मिळून चालवतो. काउंटरच्या आतून जे दिसतं ते तुमच्या खुर्चीतून दिसणं अवघड आहे. तुमच्यासमोर पेशंट पाच मिनिटं बसतो, त्यातही बोलतो त्याचा मुलगा. दुकानात तो एकटा येतो. महिन्याची बीपीची गोळी पंधराव्या दिवशीच संपवून पुन्हा मागायला येणारे आजोबा मी बघते. पैसे देऊन दहा पावलं गेलेल्या आजी परत फिरून "किती झाले?" म्हणून पुन्हा पिशवी उघडतात. जन्मभर भिशीचा हिशेब तोंडावर ठेवलेला माणूस पन्नासची आणि दोनशेची नोट हातात धरून गोंधळून उभा राहतो. घरच्यांना सांगितलं तर ते हसतात, साठी बुद्धी नाठी म्हणतात.

देशभरातल्या ज्येष्ठांच्या पाहणीवर आधारलेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीच्या पुढच्या शंभर भारतीयांपैकी साधारण सात जणांना डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंश, आहे. सगळे मिळून सुमारे ८८ लाख माणसं. बायकांमध्ये आणि कमी शिकलेल्यांमध्ये प्रमाण जास्त. म्हणजे तुमच्याकडे नियमित येणारे साठीवरचे शंभर पेशंट असतील तर त्यांत सहा-सात जण असे असणारच. तुमच्या डोळ्यांसमोर किती जण येतात, एकदा आठवून बघा.

आमच्या गल्लीतल्या एका अम्माची गोष्ट सांगते, कारण तिच्यामुळे मला हे पत्र लिहायचं सुचलं. सत्तरीच्या घरातली बाई. घरात तेलुगू, दुकानात मराठी. दुसरीत असताना शाळा सुटली आणि मांडीवर सूप आलं, तेव्हापासून विड्या वळते आहे. पान भिजवायचं, पत्र्याच्या मापाने कातरायचं, चिमूटभर तंबाखू पसरायची, वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा गुंडाळायचा. हे हातांना इतकं पाठ की वळता वळता ती शेजारणीला स्वयंपाक सांगायची. पंचवीस विड्यांचा कट्टा. तो तिने कधी मोजला नाही, मुठीत धरला की तिला कळायचं.

गेल्या वर्षी तिच्या कट्ट्यात कधी बावीस निघायला लागल्या, कधी अठ्ठावीस. सून मला दाखवायला दोन कट्टे घेऊन आली होती. विडी एकेक उचलून बघावी तर घट्ट, एकसारखी, तोंड नीट दुमडलेलं. हात चुकत नव्हते, मोजणी चुकत होती. कारखान्यातून माल परत यायला लागला तेव्हा सून रात्री जागून प्रत्येक कट्टा सोडायची, मोजायची, पुन्हा बांधायची. मग एकदा कारखान्यातून येताना अम्मा गल्ली चुकली आणि दुसऱ्याच कुणाच्या ओट्यावर बसून राहिली.

पहिल्या दवाखान्यात तिला वयाचं सांगितलं गेलं. चिठ्ठीवर ताकदीचं टॉनिक आणि रात्रीसाठी झोपेची गोळी. महिन्याभरात अम्मा दिवसाही पेंगायला लागली आणि दोनदा पडली. दुसऱ्या डॉक्टरांनी, तेही तुमच्यासारखेच गल्लीत बसणारे, तिला तपासण्याआधी सुनेला परत पाठवलं : घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आणा. पिशवीत शुगरचं मेटफॉर्मिन निघालं, दहा-बारा वर्षं चाललेलं. ॲसिडिटीचं पॅन्टोप्राझोल निघालं, ते कधी आणि कशासाठी सुरू झालं हे कुणालाच सांगता येईना. अम्मा माळकरी, अंडं-मटण वर्ज्य. आता मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतलं की बी-१२ उतरतं, ॲसिडिटीची गोळी कायमची चालू राहिली की उतरतं, आणि मांसाहार नसेल तर मुळात कमीच असतं. तिन्ही गोष्टी एकाच बाईच्या पिशवीत आणि ताटात होत्या. तपासलं तर बी-१२ फारच खाली.

इंजेक्शनं सुरू झाली. झोपेची गोळी एकदम न तोडता हळूहळू कमी करत बंद केली. तीन-चार महिन्यांत तळपायांची आग थांबली, चालणं सुधारलं, कट्ट्यातला फरक एक-दोन विड्यांवर आला. पूर्ण गेला नाही. सून अजून एकदा नजर टाकते. पण अम्मा एकटी कारखान्यात जाते आणि एकटी घरी येते. हे सगळं पहिल्याच दवाखान्यात झालं असतं तर आणखी किती परत मिळालं असतं, ते कुणी सांगू शकणार नाही. बी-१२ अभावी नसांचं झालेलं नुकसान जितकं जुनं तितकं भरून यायला अवघड, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं जाणता.

थायरॉइडचंही तसंच आहे. सुस्त झालेली, थंडी वाजणारी, आवाज जाड झालेली, सगळं उशिरा समजणारी आजी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी न बघता म्हातारी ठरवली जाते. नैराश्याचंही. जोडीदार गेल्यावर सहा महिन्यांत "काही आठवत नाही" म्हणणारे आजोबा, ज्यांना झोप नाही, भूक नाही, आणि प्रत्येक प्रश्नाला "मला नाही माहीत" हेच उत्तर, त्यांना आधी नैराश्याचा उपचार हवा असू शकतो. रोज दारू पिणाऱ्यांमध्ये थायमिनची, म्हणजे बी-१ची कमतरता असू शकते, ती वेळेत भरून काढली नाही तर स्मरणशक्ती कायमची जाऊ शकते.

आणि कृपा करून विचारा की पडलात का. बाथरूममध्ये पाय घसरला, डोकं भिंतीला लागलं, टेंगूळ आलं आणि गेलं. महिना-दीड महिन्याने माणूस असंबद्ध बोलायला लागतो, पेंगतो, एक पाय ओढतो. तोवर घरचे पडणं विसरून गेलेले असतात. म्हातारपणी मेंदू थोडा आक्रसलेला असतो, त्याच्या आवरणाखालच्या शिरा ताणलेल्या असतात, त्यातून हळूहळू रक्त साठत जातं. ॲस्पिरिन किंवा रक्त पातळ करणारी दुसरी गोळी चालू असेल तर धोका आणखी. एका सीटी स्कॅनमध्ये हे दिसतं आणि कवटीला छोटं छिद्र पाडून रक्त काढलं की माणूस पुष्कळदा पूर्वीसारखा होतो. पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल, लघवीवर ताबा नाही आणि त्याच्या जोडीला विसर, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या तर मेंदूत पाणी साठलेलं असू शकतं. त्यावरही शस्त्रक्रिया आहे, आणि लवकर केली तर निदान चाल तरी सुधारते.

आपल्या उन्हाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. एप्रिल-मेमध्ये पारा त्रेचाळीसच्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या घरात राहणारी म्हातारी माणसं एका दोन दिवसांत बदलतात. काल बरी होती, आज मुलाला ओळखत नाही, कपडे काढते, भिंतीशी बोलते. याला डिमेन्शिया म्हणू नका. जे तासा-दिवसांत आलं ते डिलिरियम. त्यामागे पाण्याची कमतरता, लघवीचा संसर्ग, न्यूमोनिया, उतरलेली साखर किंवा घसरलेलं सोडियम असतं. बीपीसाठी टेल्मिसार्टनसोबत हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन असलेली जोडगोळी आमच्या दुकानातून भरपूर जाते. गोळी चांगलीच आहे. पण सत्तर-पंच्याहत्तर वर्षांच्या, अर्धपोटी राहणाऱ्या बाईचं सोडियम ती खाली आणू शकते आणि उन्हाळ्यात तर जास्तच. सोडियमची तपासणी कुठल्याही लॅबमध्ये होते. डिलिरियम ही तातडीची गोष्ट आहे, तिला "उद्या बघू" चालत नाही.

आता माझ्या विषयावर येते. औषधांवर.

म्हाताऱ्या माणसाच्या मेंदूत ॲसिटिलकोलीन, म्हणजे पेशींमध्ये निरोप पोचवणारं रसायन, आधीच कमी पडत असतं, अल्झायमरमध्ये तर फारच. आणि आपण त्याला अडवणाऱ्या गोळ्या सहज देतो. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन. खोकल्याच्या औषधातलं डायफेनहायड्रामिन. खाजेसाठी हायड्रॉक्सिझिन, पोटात कळ आली की डायसायक्लोमिन, पायांच्या आगीसाठी ॲमिट्रिप्टिलिन, हात कापतो म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल. एकेक गोळी किरकोळ वाटते. एकाच माणसाच्या पिशवीत तीन जमल्या की तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, पोट साफ होत नाही आणि डोकं धुक्यात जातं. या तीन गोळ्या बऱ्याचदा तीन वेगवेगळ्या दवाखान्यांतून आलेल्या असतात. दोष कुणा एकाचा नसतो. एकत्र बघणारं कुणी नसतं, एवढंच.

एक साखळी मी वारंवार बघते. मेंदूतज्ज्ञ विसरासाठी डोनेपेझिल ही गोळी सुरू करतात. त्या गोळीने काही जणांना लघवीची घाई वाढते. घरचे जवळच्या दवाखान्यात जातात, तिथं लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन लिहिली जाते. पहिली गोळी ॲसिटिलकोलीन वाढवते, दुसरी त्याचंच काम अडवते. पेशंट दोन्हींचे पैसे देतो, विसर वाढतो आणि घरचे म्हणतात, आजार पुढं गेला. चिठ्ठी लिहिण्याआधी "दुसरं काय चालू आहे?" हा प्रश्न विचारला तर ही साखळी तुटते. मी काउंटरवर विचारते, पण माझ्या सांगण्याने लोक गोळी बदलत नाहीत, तुमच्या सांगण्याने बदलतात. अल्प्राझोलाम आणि क्लोनाझेपाम या झोपेच्या गोळ्यांबद्दल तर हात जोडून विनंती. म्हाताऱ्या माणसाला ती सुरू करताना दहादा विचार करा, आणि वर्षानुवर्षं चालू असेल तर एकदम बंद करू नका, आठवड्या-आठवड्याने उतरवा.

हे सगळं तपासून झाल्यावरही बहुतेकांच्या बाबतीत खरा डिमेन्शियाच निघणार, हेही मला माहीत आहे. त्यातला साठ ते सत्तर टक्के अल्झायमर. मेंदूच्या पेशींबाहेर ॲमिलॉइड, पेशींच्या आत टाऊ नावाचं प्रथिन साचत जातं. हे साचणं लक्षणं दिसायच्या पंधरा-वीस वर्षं आधी सुरू झालेलं असतं. दुसरा मोठा गट बीपी आणि शुगरने बारीक रक्तवाहिन्या खराब झालेल्यांचा, ज्यांचा उतार पायरीपायरीने होतो. आपल्याकडे बऱ्याच जणांत दोन्ही एकत्र असतात. तिसरा प्रकार ओळखणं महत्त्वाचं : लहान मुलं दिसतात, कुत्री दिसतात असं ठामपणे सांगणारे, एक दिवस चांगले एक दिवस वाईट, चालताना पार्किन्सनसारखे ताठ. हा लेवी बॉडीचा डिमेन्शिया असू शकतो. भास होतात म्हणून त्यांना हॅलोपेरिडॉल दिलं तर माणूस लाकडासारखा आखडतो, जीवावरही बेतू शकतं.

औषधांनी हे बरं होत नाही. डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन, आणि आजार पुढं गेल्यावर मेमँटिन. यांनी काही जणांना काही काळ बरं वाटतं : दिवसाची कामं स्वतः करता येतात, माणूस संभाषणात राहतो. हे घरच्यांना आधीच सांगा. कारण आमच्याकडे काय होतं, तर पहिल्या महिन्याचं पाकीट नेलं जातं, मळमळ होते, "फरक काहीच नाही" म्हणतात आणि दुसऱ्या महिन्यात कुणी येतच नाही. पाच मिलिग्रॅमवर महिना-दीड महिना काढून मग दहावर जायचं असतं, नाडी मंद असेल तर आधी ईसीजी काढायचा असतो, वाईट स्वप्नं पडत असतील तर गोळी सकाळी द्यायची असते, हे दोन मिनिटांत सांगून होतं. मोबाइलवर अमेरिकेतल्या नव्या इंजेक्शनचे मेसेज घेऊनही लोक येतात. लेकॅनेमॅबला तिथं २०२३ मध्ये पूर्ण मान्यता मिळाली, डोनॅनेमॅबला २०२४ मध्ये. ती फक्त सुरुवातीच्या अल्झायमरमध्ये, ॲमिलॉइड सिद्ध झाल्यावर देतात. उतार थोडा मंदावतो, गेलेलं परत येत नाही आणि मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतो का हे बघायला वारंवार एमआरआय लागतो. ज्यांच्या वडिलांचा आजार मधल्या टप्प्यात आहे त्यांनी यासाठी घर गहाण टाकायची गरज नाही, हे तुमच्या तोंडून गेलं पाहिजे. पिरॅसिटॅम आणि बुद्धिवर्धक टॉनिकांवर महिन्याला जे जातं, त्यातून ताक-अंडी-फळं आली तर बरं. त्या औषधांनी डिमेन्शियात फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही.

हे मी घरातल्या अनुभवानेही लिहिते आहे. माझे सासरे कापड गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर, होते. गिरणी कधीच बंद पडली. गेली काही वर्षं त्यांना अल्झायमर आहे. संध्याकाळी दिवे लागले की ते उठतात, टोपी शोधतात आणि डबा मागतात, रातपाळीला उशीर होतोय म्हणतात. सुरुवातीला घरातले त्यांना समजावायचे की मामा, मिल बंद पडली. मग ते चिडायचे, कधी रडायचे, आणि दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा तेच. सासूबाईंनी स्वतःच्या अकलेने मार्ग काढला. त्या म्हणतात, "अहो, आज गड्ड्याची सुट्टी नाही का?" मग ते टोपी काढतात, खाटेवर बसतात आणि सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतल्या नंदीध्वजाबद्दल बोलत राहतात, कुठल्या वर्षी कोण पुढं होतं ते. हे कुठल्या चिठ्ठीवर लिहून मिळालं नव्हतं. पण अशा गोष्टी तुम्ही दहा घरांतून ऐकलेल्या असणार, त्या अकराव्या घराला सांगा.

साच्यांच्या खडखडाटात जन्म काढलेल्या माणसाचे कान शाबूत राहत नाहीत. सासऱ्यांना ऐकू येत नव्हतं हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पण ते विसराच्या हिशेबात कुणी धरलं नाही. श्रवणयंत्र बसल्यावर विसर गेला नाही, निम्मी चिडचिड मात्र गेली. एका रात्री ते पहाटेपर्यंत ओरडत होते, तेव्हा शांत करणारी गोळी द्यावी असं सगळ्यांचं मत पडलं. चार दिवस पोट साफ झालेलं नव्हतं, ते झाल्यावर झोपले. अशा माणसाला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही, म्हणून तो ओरडतो. डिमेन्शियाच्या वृद्ध पेशंटमध्ये रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन या शांत करणाऱ्या औषधांच्या गटाने मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी या गोळ्यांवाचून इलाज नसतो. मग थोड्या डोसमध्ये, थोड्या दिवसांसाठी, आणि बंद कधी करायची ती तारीख चिठ्ठीवरच लिहून द्या. आमच्याकडे अशी चिठ्ठी दोन-दोन वर्षं फिरते.

तपासणीची आणखी एक अडचण मला तुमच्यासमोर ठेवायची आहे. शाळा सुटल्यापासून अम्माने पेन धरलं नाही. तिला घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, शंभरातून सात-सात वजा करायला सांगितले, तर ती तिशीतही नापास झाली असती. याउलट निवृत्त मुख्याध्यापक आजार बराच पुढं जाईपर्यंत पास होत राहतील. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांतल्या न शिकलेल्या म्हाताऱ्यांसाठी १९९० च्या दशकात हिंदीत एक चाचणी बनवली गेली, तिची इथं आठवण ठेवायला हवी. पुढे आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, पाच भारतीय भाषांत चाचण्यांचा संच तयार केला, त्यात तेलुगू आणि कन्नड आहेत. आपल्या गावात मराठीइतक्याच या दोन्ही भाषा दवाखान्याच्या बाकावर ऐकू येतात. पेशंटची परीक्षा त्याच्या घरच्या भाषेतच घ्या, दुभाषा म्हणून नातीला बसवावं लागलं तरी. आणि परीक्षेपेक्षाही सोबतच्या माणसाला विचारणं भरवशाचं : दहा वर्षांपूर्वी यांना जे जमत होतं, त्यातलं आता काय जमत नाही? पैसे मोजणं, गोळ्या घेणं, सण कधी आहे ते सांगणं, भाजीत मीठ. उत्तर तुम्हाला तिथंच मिळतं. फक्त हा प्रश्न पेशंटसमोर, त्याचा अपमान होईल असा विचारू नका. सूनबाईला बाजूला घेऊन विचारा.

लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये चौदा गोष्टींची यादी दिली. त्या सुधारल्या तर जगातला सुमारे ४५ टक्के डिमेन्शिया टळू शकतो किंवा लांबू शकतो, असा त्यांचा अंदाज आहे. यादीतली आयुष्यात सगळ्यांत आधी येणारी गोष्ट म्हणजे कमी शिक्षण. दुसरीतून काढून सुपाशी बसवलेल्या मुलींच्या आख्ख्या पिढीबद्दल मला हे वाचताना वाईट वाटलं. त्यांचं बालपण आता कुणी परत देणार नाही. पण यादीतलं बाकीचं बरंचसं तुमच्या टेबलावर रोज येतं : चाळिशी-पन्नाशीतलं बीपी, शुगर, एलडीएल म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वजन, कान, मोतीबिंदू, धूम्रपान, दारू, नैराश्य, एकटेपण. "मोतीबिंदू अजून पिकला नाही" म्हणून वर्षं काढणाऱ्यांना ढकलून ऑपरेशनला पाठवा. यंत्रमागावरच्या पन्नाशीतल्या माणसाला खोकल्यासाठी आला तरी ऐकू येतं का विचारा.

आणि जी सून पेशंटला घेऊन येते तिच्याकडे बघा. रात्री जागरण, दिवसा विड्या, मध्ये स्वयंपाक. तिचं बीपी कुणी तपासत नाही. मन मोकळं करायला किंवा सल्ल्यासाठी मानसिक आरोग्यासाठीच्या टेलिमानसचा १४४१६ आणि ज्येष्ठांसाठीचा १४५६७ हे सरकारी नंबर आहेत, ते दवाखान्याच्या भिंतीवर लावा. पेशंटच्या बंडीच्या आत फोन नंबर शिवून ठेवायला सांगा. सासऱ्यांच्या प्रत्येक सदऱ्यावर आम्ही तो शिवलेला आहे आणि एकदा कन्ना चौकातून एका रिक्षावाल्याने त्यावरूनच फोन केला होता.

२१ सप्टेंबरला जागतिक अल्झायमर दिन असतो. त्या आठवड्यापुरती एक गोष्ट करून बघूया. साठीवरच्या प्रत्येक पेशंटला सांगा की पुढच्या वेळी घरातल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणा, आणि रोज जवळ असणारं माणूस सोबत आणा. यादी करायला तुम्हाला वेळ नसेल तर चिठ्ठीवर फक्त "पिशवी" एवढं लिहून आमच्याकडे पाठवा. दुपारी दोन ते चार दुकानात गर्दी नसते. कुठली गोळी, कुणी लिहिली, कधीपासून, दिवसातून किती वेळा, विसर वाढवणारी कुठली, हे एका कागदावर लिहून पेशंटच्या हातात देईन. पैसे लागणार नाहीत. मराठी आणि तेलुगू मला येतं, कन्नडसाठी शेजारच्या दुकानातल्या ताई येऊन बसायला तयार आहेत. दुसरे मेडिकलवाले सोबत यायला तयार असतील तर त्यांनाही मी नमुन्याचा कागद देईन. काय बंद करायचं आणि काय तपासायचं, ते तुम्ही ठरवायचं : सीबीसी, बी-१२, टीएसएच, साखर, सोडियम, क्रिएटिनिन, आणि पडल्याचा इतिहास असेल किंवा चाल बदलली असेल तर सीटी.

कळावे.

आपली,
पूर्व भागातली एक औषधविक्रेती
सोलापूर